एका गाडीचे तीन श्रावण

परदेशी नंबरच्या गाडीची पहिली तपासणी मी केली ती अशी: ऐटीत उजवीकडचं दार उघडलं, आत बसलो, हात पुढे केले, तर समोर स्टिअरिंगच नव्हतं. सामान ठेवायचा कप्पा होता. गाडीचा मालक, जर्मनीहून रस्त्याने हिंडत हिंडत दिल्लीपर्यंत आलेला एक उंच माणूस, बाहेर उभा राहून माझ्याकडे मोठ्या आदराने बघत होता. भारतात विम्याची तपासणी अशीच करत असतील, असं त्याला वाटलं असावं. मग मीही माघार घेतली नाही. तो कप्पा दोनदा उघडला, दोनदा बंद केला, कागदावर काहीतरी खरडलं आणि गंभीर चेहऱ्याने उतरलो.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे जे घडलं ते माझ्यासारख्या जाणत्या माणसाच्या हातून कसं घडलं, असा प्रश्न कोणाला पडणार नाही.

दिल्लीतल्या एका सरकारी विमा कंपनीच्या मोटार विभागात माझा जन्म गेला. रिटायर झालो तेव्हा कंपनीने शाल दिली, नारळ दिला आणि थोड्याच दिवसांत फोन केला, "दामले जी, वो फॉरेन गाड़ी वाला काम यहाँ किसी को आता नहीं." म्हणजे मला फार येत होतं अशातला भाग नाही. त्या कामात करण्यासारख्या बहुतेक चुका मी करून बसलो होतो. नव्या माणसाने त्या पहिल्यापासून करण्यापेक्षा जुनाच माणूस परवडला. तेव्हापासून नोएडाच्या ब्रँचमध्ये, आमच्या सोसायटीजवळच्या भाजीबाजाराच्या वर, कोपऱ्यात माझी एक खुर्ची आहे, आणि शेजारच्या टेबलावर तिवारीजी आहेत, जे माझ्या कागदांवर सही करतात आणि सही करताना उसासा टाकतात.

काम काय, ते थोडक्यात सांगतो. गाडी दुसऱ्या देशात नोंदलेली असली की तिचा तिकडचा विमा सीमेपर्यंतच साथ देतो. इथे ती कोणाच्या अंगावर गेली तर त्या माणसाला भरपाई कोण देणार? म्हणून आपल्या रस्त्याला चाक लागायच्या आधी आपल्याकडची पॉलिसी हातात लागते. सीमेवरचा कस्टमवाला पासपोर्टाच्या आधी ती मागतो. गाडी जितके दिवस इथे राहणार तेवढ्याच दिवसांची पॉलिसी निघते. मुदत संपली की तीच गाडी म्हणजे चार चाकांवरचं कपाट. धुवा, पुसा, आत बसून गाणी ऐका, पण रस्त्यावर काढायची नाही.

तेव्हा या कामात विद्वत्ता अशी नाहीच. गाडी कधी येणार आणि कधी जाणार, एवढं नीट विचारायचं. एवढंच.

पूर्वी हे काम हाताने व्हायचं. कव्हर नोटचं, म्हणजे तात्पुरत्या विम्याच्या कागदांचं, पॅड खिशात असायचं, गाडीच्या बॉनेटवर ठेवून भरायचं, कार्बन काढून द्यायचा, गिऱ्हाईक चहा पाजायचं. आता कॉम्प्युटर आहे आणि त्याला परदेशी नंबर मानवत नाही. त्यातून नेपाळची गाडी आली की त्याची दातखीळच बसते. तिथल्या पुष्कळ गाड्यांच्या पाट्यांवर देवनागरी अक्षरं, देवनागरी आकडे. आपण मराठी माणसं वाचायला खूश, पण ते रोमन लिपीत कोंबायचं म्हणजे प्रत्येक जण आपापल्या कानाने लिहिणार. शिवाय त्यांच्या नोंदणीच्या पुस्तकात, ज्याला ते ब्लूबुक म्हणतात, तारखा विक्रम संवतातल्या, आपल्यापेक्षा छप्पन-सत्तावन वर्षं पुढच्या. ज्या गाडीची ही गोष्ट आहे तिचं नोंदणीचं साल मी जसंच्या तसं टाकलं, तर कॉम्प्युटर म्हणाला, भविष्यकाळातली गाडी चालणार नाही. तिवारीजींनी उसासा टाकला आणि साल बदललं.

ही गाडी वेगळ्या पंचांगातून येते आहे, एवढं तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं.

गाडी होती प्रबिनची. प्रबिन म्हणजे सुलभाताई करमरकरांचा जावई. सुलभाताई आमच्याच सोसायटीत, दोन इमारती सोडून राहतात. ओळख मात्र फार जुनी; आमचे दोघांचेही वडील केंद्र सरकारात, दोन्ही घरं लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टर्समध्ये एकाच जिन्यावर. जिना उतरताना त्या माझ्या डोक्यावर दप्तर आपटायच्या. यजमान गेल्यापासून एकट्याच असतात. मुलगी केतकी नोकरीच्या निमित्ताने काठमांडूला गेली आणि तिथेच तिने लग्न ठरवलं. सुलभाताईंना ते रुचलं नाही. लग्नाला त्या गेल्या नाहीत. गुडघ्याचं कारण सांगितलं, पण त्या आठवड्यात त्याच गुडघ्याने त्या रोज बागेत चकरा मारत होत्या, हे सगळ्या सोसायटीने पाहिलं.

तेव्हापासून मायलेकींचं बोलणं जवळजवळ थांबलं. अगदीच काही निरोप असला तर तो माझ्यामार्फत. केतकीचा मला मेसेज यायचा, "काका, आईला बोला ना, बीपीची गोळी बदललीय का विचारा." मी विचारायचो. सुलभाताई म्हणायच्या, "तिला सांगा, मी ठणठणीत आहे." मी सांगायचो. विम्यातही हेच असतं, दोन पक्ष एकमेकांशी बोलत नाहीत आणि मधला माणूस दोघांचं ऐकून घेतो.

आणि मग एका संध्याकाळी, जूनमध्ये, सुलभाताई घरी आल्या. बसल्या नाहीत.

"दामले, केतकीची पहिली मंगळागौर मी इथे करणार आहे. श्रावणातल्या पहिल्या मंगळवारी. तिच्या सासूबाईंनाही बोलवायचंय."

"उत्तम," मी म्हटलं.

"त्या विमानात बसत नाहीत. जीव गेला तरी बसणार नाहीत म्हणे. म्हणजे जावयाला गाडी घेऊन यावं लागेल. तुम्ही ते विम्याचं बघा. आणि केतकीला तुम्हीच सांगा."

"तुम्हीच फोन करा की."

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "लग्नाला मी गेले नाही. त्या बाईंनी एकदाही बोलून दाखवलं नाही त्याबद्दल. आता हे नीट झालं नाही ना, तर त्या पुन्हा माझा उंबरा चढायच्या नाहीत, आणि त्यांच्या मागून केतकीही नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंत गाडी माझ्या दारात पाहिजे. बस."

नवीन लग्न झालेल्या मुलीची मंगळागौर पहिल्या वर्षी माहेरी करतात, मंगळवारी, श्रावणात. हे मला चांगलं माहीत आहे. इतकं माहीत आहे की मी तारीख विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मान वर केली. तिवारीजींच्या डोक्यावर, गेली कित्येक वर्षं, बनारसहून येणारं एक कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यात सावन शोधला, सावनचा पहिला मंगळवार शोधला आणि त्याच्या आधीच्या शनिवारपासून पंधरा दिवसांची पॉलिसी काढली. येण्याचे दोन दिवस, पूजा, पाहुणचार, दिल्लीदर्शन आणि परत जाणं. सगळं त्यात बसत होतं. काठमांडूला फोन लावला.

"प्रबिन बेटा, श्रावणातला पहिला मंगळवार. सोमवारी इथे पोहोचायचं. पॉलिसी भेज दी है."

"साउन का पहला मंगलबार. हो जाएगा, अंकल."

केतकी मागून ओरडली, "काका, आई खरंच बोलली का असं, की तुम्ही मनाने सांगताय?"

"खरंच बोलली."

"आमालाही बोलवलंय? सासूबाईंना?"

"त्यांनाच तर बोलवलंय."

सोमवार आला. मी वॉचमनला सांगून पाहुण्यांच्या पार्किंगमधली चांगली जागा धरून ठेवली. दुपारी चारला गेटवर जाऊन उभा राहिलो, पाचला खुर्ची मागवली, सातला घरी आलो. सुलभाताई तर त्या दिवशी दिल्लीत नव्हत्याच, आठवडाभर आधीच बहिणीकडे पुण्याला गेल्या होत्या. "वेळेवर येते," असं सांगून गेल्या होत्या आणि त्यांची वेळ अजून झालेली दिसत नव्हती. मी म्हटलं, रात्रीच्या विमानाने येतील. प्रबिनला फोन लावला.

"कहाँ तक पहुँचे?"

"कहाँ, अंकल? मैं तो ऑफिस में हूँ. साउन तो अभी लगा ही नहीं. गुरुवार को लगेगा."

तेव्हा कळलं की नेपाळचं सरकारी पंचांग चंद्राला विचारतच नाही. त्यांचे महिने सूर्यावर चालतात आणि त्यांचा साउन जुलैच्या मध्याला, आपला आपण लागतो. मी हसलो. परक्या देशाचं अज्ञान आपल्याला नेहमीच सुखावतं. पॉलिसी काढून बघितली: पुढचा सोमवार, मंगळवार तिच्या मुदतीत आरामात बसत होते. स्वतःच्या दूरदृष्टीचं कौतुक वाटलं. पुण्याला फोन केला.

"सुलभाताई, जावयाच्या पंचांगाचा जरा घोळ होता. निस्तरला. पहिल्या मंगळवारच्या आदल्या दिवशी गाडी दारात."

"मग काय, तेच तर म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "मी आहे इथे. अन्नपूर्णेचं काम चाललंय, मग बोलते."

बायकोला, नीलाला, मी सगळं मोठ्या चवीने सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "म्हणजे पुढच्या सोमवारी येणार?" तिने विचारलं.

"हो."

"बरंय. थोडे आधी येतायत तर राहतील निवांत."

कशाच्या आधी, हे मी विचारलं नाही. तिच्या डोक्यामागे, फ्रिजच्या शेजारी, पुण्यात छापलेलं मराठी कॅलेंडर होतं. ते मी फक्त दूधवाल्याचे खाडे मांडायला वापरतो.

पुढचा सोमवार उजाडला. या खेपेस गाडी खरंच निघाली होती, सीमेवर पॉलिसी दाखवून आत आली होती. पण हायवे कांवडवाल्यांनी भरलेला. सावनात गंगेचं पाणी खांद्यावर घेऊन चालणारी माणसं लाखांनी रस्त्यावर असतात, ट्रक बंद, गाड्या वळवलेल्या, हे दिल्लीतलं शेंबडं पोरही जाणतं. मला ते आधीच्या आठवड्यासाठी आठवलं होतं; या आठवड्यासाठी आठवलं नाही. मुरादाबादपासून त्यांना गावागावातून फिरवत आणलं. संध्याकाळी दिवेलागणीला गाडी गेटातून आत आली तेव्हा तिचा मूळ रंग कोणता, हे ब्लूबुक बघूनच कळलं असतं.

मी घरी चहाचं बघत होतो. केतकीचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"काका, आईच्या दाराला कुलूप आहे."

मी तसाच धावलो. जिन्यावर केतकी बॅगेवर बसलेली, प्रबिन भिंतीला टेकून, आणि कुलपासमोर, हिरव्या साडीत, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, ताठ उभ्या प्रबिनच्या आई. प्रवासाने चेहरा उतरलेला. हातात मिठाईचा डबा.

"नमस्ते, भाइजी," त्या म्हणाल्या. "हम लोग ठीक घर आए हैं न?"

मी तिथेच पुण्याला फोन लावला.

"दामले, काय बोलताय तुम्ही?" सुलभाताई म्हणाल्या. "श्रावण कुठे लागलाय अजून? दिव्यांची अवस व्हायचीय. मंगळागौर पुढच्या मंगळवारी आहे."

तर असा तिसरा श्रावण. आपला महिना अवसेला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. म्हणून त्यांचा श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो. दिल्लीतल्या मराठी घरातल्या शेंबड्या पोराला हेही माहीत असतं. आईचा सोमवार वेगळा आणि शेजारच्या शर्माबाईंचा सोमवार वेगळा, हे बघतच आम्ही मोठे झालो. पण मी उभी हयात ऑफिसात सावन आणि घरात श्रावण असा काढला, आणि काम ऑफिसचं म्हणून ऑफिसातला वापरला.

त्यांना घरी घेऊन आलो. दार उघडताच अंड्याच्या रश्श्याचा घमघमाट. मराठी पंचांगाप्रमाणे आखाड संपत आलेला. महिनाभर मिळायचं नाही म्हणून मीच नीलाला करायला सांगितलं होतं. विहीणबाई उंबऱ्यातच थबकल्या. त्यांच्या पंचांगाप्रमाणे तो साउनचा पहिला सोमवार होता आणि त्यांचा कडकडीत उपास होता.

नीलाने एका दृष्टिक्षेपात सगळं ओळखलं. रस्सा झाकून बाल्कनीत गेला, खिडक्या उघडल्या, आणि अर्ध्या तासात साबुदाण्याची खिचडी झाली. माझ्याजवळून जाताना ती हळूच म्हणाली, "मला एकदा विचारलं असतंत तर तुमचं काय झिजलं असतं?"

मंगळवारी दुपारी सुलभाताई मिळेल त्या विमानाने आल्या. पर्स खांद्याला तशीच ठेवून थेट आमच्याकडे. "चला, घर उघडलंय," त्या विहीणबाईंना म्हणाल्या. हिंदी त्यांचं चांगलं आहे, पण त्या दिवशी प्रत्येक शब्द मोजून येत होता. "कल मैं नहीं थी, बहुत बुरा लगा मुझे."

विहीणबाई हसून म्हणाल्या, "आप क्यों तकलीफ़ करती हैं? जहाँ पहले पानी मिला, वहीं ठीक है. रास्ता खुलते ही निकल जाएँगे. रविवार को."

यात एकही वावगा शब्द नव्हता. सुलभाताईंनी केतकीकडे बघितलं. केतकी आमच्या पडद्याकडे बघत होती.

मी सांगून पाहिलं. चूक सर्वस्वी माझी, पंचांगं तीन आणि गाढव एक, असं सगळं सांगितलं. विहीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपकी क्या ग़लती, भाइजी? शादी में ताला नहीं था. तब भी कोई नहीं आया था."

इतके दिवस न बोललेलं वाक्य असं माझ्या डायनिंग टेबलावर येऊन पडलं. माझं गाढवपण त्याला फक्त निमित्त झालं होतं.

सुलभाताई तरी रोज येत राहिल्या. त्या हट्टी आहेत, हे मला दप्तराच्या दिवसांपासून ठाऊक आहे. गुरुवारी दिव्यांची अवस होती, तेव्हा नीलाने सगळे दिवे घासून मांडले होते. मी घेवडा निवडत बसलो होतो, म्हणजे मला उठून जायला सांगायचं कोणाला सुचलं नाही. सुलभाताईंनी पिशवीतून मऊ कापडात गुंडाळलेली एक छोटी पितळी मूर्ती काढली आणि विहीणबाईंच्या पुढे ठेवली.

"ये क्या है?" विहीणबाईंनी विचारलं.

"अन्नपूर्णा. माझ्या आईने मला दिलेली. मुलीच्या लग्नात आईने द्यायची असते. मग ती सासरी नेते. मंगळागौरीला हिचीच पूजा असते. हातातली पळी तुटली होती, पुण्याला जोडून घ्यायला गेले होते." अर्धं मराठी, अर्धं हिंदी चाललं होतं, पण कळायला काही अडत नव्हतं.

"शादी में देते हैं?"

"हां."

"तो शादी में क्यों नहीं दी?"

मी घेवड्याची एकच शेंग पुन्हा पुन्हा सोलत होतो.

"क्योंकि मैं नहीं आई," सुलभाताई म्हणाल्या. "गुडघ्यांना काही झालं नव्हतं. मला राग आला होता. तुमच्यावर नाही, हिच्यावर."

विहीणबाईंनी मूर्ती उचलली, जोडलेल्या पळीवरून अंगठा फिरवला, आणि परत ठेवली. "अच्छी बनी है," एवढंच म्हणाल्या. केतकी आतल्या खोलीत निघून गेली. सुलभाताईही उठल्या, मूर्ती मात्र आमच्याच टेबलावर राहिली.

प्रबिनने त्या संध्याकाळी मला विचारलं, "अंकल, बीमा शनिवार रात तक का ही है न? रविवार के लिए नया करवा दीजिए. आमा ने कह दिया तो कह दिया."

त्यासाठी कागद गुरुवारीच पाठवले होते. शुक्रवारी सकाळी तिवारीजींचा फोन आला. "दामले जी, नेपाल वाली तैयार है. चार बजे तक ले जाइए. कल चौथा शनिवार है, छुट्टी. फिर सोमवार."

आता इथे एक तांत्रिक अडचण उद्भवली. माझं पोट बिघडलं. कशाने बिघडलं याचा पंचनामा मी करणार नाही. सोमवारचा अंड्याचा रस्सा असेल. मी तिवारीजींना सांगितलं की पोट ठीक नाही, आज काही येणं व्हायचं नाही. त्यांनी उसासा टाकला. "तो वॉट्सॅप कर दूँ?" मी म्हटलं, "नको, नको, ओरिजिनल लागतो." लागत नाही. प्रबिनला सांगितलं की सरकारी काम आहे, सही व्हायची राहिली, आता सोमवार. तो भला मुलगा आहे, त्याने खांदे उडवले. विहीणबाईंना सांगायला जाणार तर त्या नीलाबरोबर बाजारात गेलेल्या. परत आल्यावर सांगितलं, भीत भीत.

"मतलब गाड़ी नहीं निकल सकती?"

"रस्त्यावर आणणं गुन्हा आहे," मी कंपनीचा आवाज काढून म्हटलं. "बिना बीमा के, परदेशी नंबर, पुलिस पकड़ लेगी."

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि भाजीची पिशवी नीलाला द्यायला आत गेल्या.

शनिवारी मुदत संपली आणि गाडी पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये कपाट होऊन उभी राहिली. रविवारी कोणी कुठे गेलं नाही. रविवारी दुपारी विहीणबाईंनी आपली बॅग स्वतः उचलली, टेबलावरची मूर्ती पदरात घेतली आणि प्रबिनला म्हणाल्या, सुलभाजींच्या घरी पूजा आहे तर देवी इथे कशी ठेवायची? दोन इमारतींचं अंतर. सुलभाताई दारातच उभ्या होत्या. पायावर पाणी घातलं, तुकडा ओवाळला. कोणी रडलं वगैरे नाही. चहात साखर किती, यावर लगेच बोलणं सुरू झालं.

मंगळागौर छान झाली. नव्याने लग्न झालेल्या पाच-सहा मुली जमल्या, त्यातल्या निम्म्या दिल्लीत वाढलेल्या, त्यांना एकही खेळ येत नव्हता. यूट्यूबवर बघून आल्या होत्या. केतकीने आरती मोबाइलवरून वाचली. सुलभाताई आणि विहीणबाई फुगडी खेळल्या. गुडघा उत्तम होता. आदल्या दिवशी मी ब्रँचमधून पॉलिसी आणली होती. या खेपेस कागद पाठवतानाच बनारसचं, पुण्याचं आणि प्रबिनच्या मोबाइलमधलं अशी तिन्ही पंचांगं बघितली होती आणि शेवटी फॉर्मवर फक्त इंग्रजी तारीख टाकली होती.

आता लोक मोबाइलवर दोन मिनिटांत विमा घेतात. आमची खुर्ची फार दिवसांची नाही, हे मला दिसतं. मोबाइल चूक करत नाही. पण कागद तयार असताना त्याचं पोट बिघडतं की नाही, हे मला ठाऊक नाही.

गुरुवारी सकाळी ते निघाले. केतकी पुढे बसली, खिडकीतून आईला गोळ्या वेळेवर घ्यायला सांगत होती, थेट, मध्ये मी नाही. मागच्या सीटवर विहीणबाई, मांडीवर मऊ कापडातली अन्नपूर्णा. मी पॉलिसीचा कागद त्यांच्याच हातात दिला आणि एजंटाच्या सवयीने म्हटलं, "सीमा पार होईपर्यंत जवळ ठेवा. तुमच्या मुक्कामाची सगळी ओढाताण या कागदामुळे झाली. माफ़ कीजिएगा."

त्यांनी कागद उलटसुलट बघितला.

"शुक्रवार को आपका ऑफिस खुला था, भाइजी."

मी गाडीच्या काचेवरची धूळ पुसायला लागलो.

"नीलाजी सब्ज़ी ले रही थीं, तो मैं ऊपर चली गई थी. तिवारीजी ने चाय पिलाई. यही काग़ज़ दे रहे थे." त्यांनी घडी घालून तो पर्समध्ये ठेवला. "मैंने कहा, रहने दीजिए. सोमवार को दामलेजी ले जाएँगे. उनका पेट ख़राब है."